हिंदुरावांची रेंज

चाकणजवळच्या वाडीत पूर्वी लोक हिंदुरावांना विचारल्याशिवाय काही करत नसत. कांद्याचं पाणी कधी तोडायचं, बैल कोणता घ्यायचा, सगळं त्यांना विचारून. मग जमिनी कंपन्यांत गेल्या. त्यांच्यामागं कांदा गेला, बैल गेले, आणि हिंदुरावांकडे दुमजली बंगला, भाडेकरूंच्या खोल्या आणि भरपूर मतं तेवढी उरली. मतं ऐकायला मात्र कुणी येईना.

अशात वरच्या मजल्यावरचा परदेशी साहेब नोकरी संपवून मायदेशी गेला आणि आपली जुनी कुकिंग रेंज इथंच टाकून गेला. वर चार बर्नर, खाली ओव्हन, वजन म्हशीएवढं. खाली उतरवताना जिन्याचा कठडा निखळला, पण हिंदुरावांना त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पारावर बसत ते म्हणाले, "आमच्या घरी रेंज आली."

"आमच्याकडंबी कालपास्नं बरी येतीया," शेजारचा ज्ञानदेव मोबाईलकडे बघत म्हणाला.

आता लोकांना समजावायचं तर खाऊ घालणंच भाग होतं. हिंदुरावांनी भावकीला रविवारचं जेवण सांगितलं. बेत रेंजमधल्या भरल्या वांग्यांचा.

"अवो, पर हिची आच कमीजास्त कशी करायची?" त्यांच्या बायकोनं, गवराबाईंनी विचारलं. बटणावरचे आकडे पार पुसून गेले होते. हिंदुरावांनी बटण फिरवलं, ओव्हनला कान लावला आणि डोळे मिटले.

"ह्यो आवाज बारीक आचंचा."

गवराबाईंनी वाकून आत पाहिलं. गॅस पेटलाच नव्हता. त्यांनी बटण बंद केलं आणि सगळ्या खिडक्या उघडल्या.

शेवटी आकुर्डीला हॉटेल मॅनेजमेंट शिकणाऱ्या भाच्याला, निरंजनला, फोन लागला.

"मामा, आधी प्रीहीट करा. रिकामा ओव्हन गरम करायचा."

"आन् वांगी?"

"ओव्हन गरम झाल्यावर ठेवायची."

"गरम करायच्या आधी गरम करायचं?"

"हो."

हिंदुरावांनी फोन ठेवला आणि हल्लीच्या शिक्षणात राम राहिला नाही, असं गवराबाईंना सांगितलं.

रविवारी भावकी पंगतीला बसली. आत हिंदुराव घामाघूम झाले होते. बटण जरा उजवीकडे नेलं की आग भडके, जरा डावीकडे नेलं की विझे. मधलं काही नाहीच. मागच्या रांगेतल्या वांग्यांचा कोळसा झाला आणि पुढच्या रांगेतली कच्चीच राहिली.

"शेगडीवर टाकू का?" गवराबाईंनी हळूच विचारलं.

"लोक शेगडीवरचं खायाला आल्यात व्हय?"

त्यांनी प्रत्येकाच्या ताटात एक काळं आणि एक कच्चं वांगं वाढलं. "दोन्ही मिळून खायाचं. परदेशात असंच खात्यात."

भावकीनं एकमेकांकडे पाहिलं. वांगं कच्चं आहे म्हणावं, तर आपल्याला परदेशातलं कळत नाही अशी कबुली दिल्यासारखं. ज्ञानदेवानं बराच वेळ चावून गिळलं. "येगळीच चव हाय," तो म्हणाला. मग ती सगळ्यांनाच लागली. भिमाजीनं तर आणखी एक मागून घेतलं.

महिना-दोन महिन्यांत भोसरीच्या भंगारवाल्यांकडून वाडीत आणखी तीन जुन्या रेंज आल्या. एकीचीही आच धड नव्हती. त्यामुळे हिंदुरावांना बोलावणी सुरू झाली. ते टोपी घालून जात, बटण फिरवत, कान लावत, डोळे मिटत. घरातली माणसं श्वास रोखून उभी राहत. "उलीशी वाढवा," असं म्हणून हिंदुराव चहा घेऊन परत येत. दिवस कसा भरून जायचा ते कळायचंही नाही.

एका संध्याकाळी गवराबाई शेगडीवरची भाकरी त्यांच्या ताटात टाकत म्हणाल्या, "खरं सांगा. तुमाला कळतं का वो त्यातलं?"

हिंदुरावांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"न्हाई," ते म्हणाले. "पर लोक इचारायला येत्यात गं."

गवराबाईंनी मघाशी आलेला निरोप दिला, "जेवल्यावर भिमाजीकडं जावा. घरभर धूर झालाय म्हनं."

हिंदुरावांनी घास ताटात ठेवला आणि ते टोपी शोधायला उठले.