कल्ले नसलेली सुरमई

कोलशेतची जनाबाई नौपाड्यात दारोदार मासे विकी. तिचं सगळ्यात भांडखोर, म्हणूनच लाडकं गिऱ्हाईक म्हणजे सरोज कर्णिक. दोघींची जुंपली की शेजारी टीव्हीचा आवाज बारीक करीत. चौऱ्याण्णव साली सरोजवहिनींनी सुपरमार्केटातून तयार सुरमई करीचा डबा आणला. गिऱ्हाईक हातचं जातंय म्हटल्यावर जनाबाईने डबा हलवला, हुंगला.

"बाय, ताजी हाय का ते कळाया हिचं कल्लं कुठं बघायचं?"

"अगं, शिजलेलीच आहे. नुसती गरम करायची."

"आन् भाव?"

"छापलेला! एक पैसा कमी करत नाहीत मेले."

"म्हंजे भांडायचंच नाय?" जनाबाई हळहळली.

वहिनींचा चेहरा पडला. त्यांनी माशांच्या पाटीसमोर फतकल मारली.

"सांग ताज्या सुरमईचा भाव! आणि आधीच सांगते, लूट आहे ही लूट!"

जनाबाईचा जीव भांड्यात पडला.