एकशे बारा नंबरची बाटली

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात जेवढा चहा थुंकला, तेवढा माझ्या सगळ्या सासुरवाडीनं मिळून प्यायला नसेल. हे मी त्यांची थट्टा म्हणून सांगत नाही, तो त्यांचा व्यवसाय होता. बुधवार पेठेतल्या एका चहाच्या पेढीवर ते चहा चाखायला होते. बाहेरून पेट्या येत, साडूभाऊ प्रत्येक पेटीतला चिमूटभर चहा पांढऱ्याशुभ्र वाडग्यात उकळत्या पाण्यात घालत, पाच-सहा मिनिटं झाकून ठेवत, मग चमचाभर तोंडाशी नेऊन 'सर्र्र्' असा जोरदार आवाज करत ओढत, तोंडात घोळवत आणि पिंकदाणीत टाकून देत. एवढ्यावर ते त्या पेटीचा भाव सांगत. मालक तो भाव पुन्हा तपासायचा नाही. दिवसाला ऐंशी वाडगे चाखून घरी आलेल्या माणसाला बायकोनं चहा विचारला तर तो काय म्हणेल? साडूभाऊ म्हणत, "कर. पण नुसता पिणार आहे, मत विचारू नकोस."

या जिभेपायी त्यांच्या घरात अनेक कायदे होते. सकाळी दहाच्या आत फोडणी पडायची नाही. कांदा-लसूण रविवारी. दात मिठानं घासायचे, कारण पेस्टची चव दुपारपर्यंत जात नाही. अत्तर लावून आलेल्या पाहुण्याला गॅलरीत खुर्ची. ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, हे सगळं इतकी वर्षं निभावलं, पण एकदा मला म्हणाल्या, "तुमच्या साडूभाऊंना जीभ दिली देवानं, आणि ती सांभाळायला मला दिलं."

मला बघायला सासरची मंडळी आली, तेव्हा हे जावई म्हणून बरोबर होते. मी काय शिकलो, किती कमावतो हे बाकीच्यांनी विचारलं. साडूभाऊ कोपऱ्यात बसून माझ्याकडे नुसते पाहत होते. परत जाताना जिन्यात सासऱ्यांनी त्यांचं मत विचारलं. ते म्हणाले, "रंग बेताचा आहे. पण उकळला तर टिकेल." या शिफारशीवर माझं लग्न झालं. लग्नाच्या पंगतीत त्यांनी मठ्ठ्याचा पहिला घोट नेहमीच्या आवाजात ओढला, तो इतका की दोन्ही बाजूंची पानं थांबली. मग उठून झाडाच्या बुंध्याशी तो टाकला आणि शांतपणे म्हणाले, "ताक कालचं आहे. आलं मात्र आजचं." आचारी पळी घेऊन तावातावानं बाहेर आला. साडूभाऊंनी त्याच्याकडे फक्त पाहिलं. तो म्हणाला, "ताक कालचंच आहे साहेब. तुम्ही कुठल्या हॉटेलात असता?"

पुढं बाजार बदलला. टीव्हीवर रंगीत पाकिटातला चहा दिसायला लागला आणि लोक वाण्याकडे तो नावानं मागू लागले. सुटा चहा निवडून घेणारी गिऱ्हाइकं म्हातारी झाली. एके दिवशी मालकानं पेढी बंद केली आणि जागा भाड्यानं दिली. तिथं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान आलं. माझा मुलगा निखिल तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्याच्या पहिल्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड आम्ही तिथूनच आणला. सोबत साडूभाऊ होते. सगळ्या वायरींच्या आणि डब्यांच्या मध्ये उभं राहून त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि दुकानदाराला म्हणाले, "मागच्या भिंतीला अजून आसामचा वास आहे. रंग देऊ नका." दुकानदार सिंधी होता, भला होता. "बरं, काका," म्हणाला.

नंतर दोन वर्षं ते घरीच होते. मधे चहाची मशिनं लावणाऱ्या एका कंत्राटदारानं त्यांना हिंजवडीला नेलं. तिथल्या आयटी कंपन्यांतल्या मशिनचा चहा चाखून साडूभाऊंनी अहवाल दिला, 'गरम आहे.' त्यापुढं त्यांना लिहिण्यासारखं काही सापडलं नाही आणि नोकरी तीन दिवसांत संपली. शेवटी खडकी बाजारातले चहाचे एक जुने व्यापारी, आम्ही त्यांना भाई म्हणतो, आठवड्यातून दोनदा त्यांना बोलवायला लागले. भाईंची तिसरी पिढी त्याच गाळ्यात होती आणि त्यांना अजून सुटा चहा विकायची खोड होती. तिथं साडूभाऊंचे वाडगे पुन्हा मांडले गेले.

निखिल शिकला, नोकरीला लागला, कंपनीनं त्याला आठ महिने अमेरिकेला पाठवलं. येताना त्यानं आईला पर्स आणली, मला बूट आणले आणि स्वतःसाठी व्हिस्कीची एक बाटली आणली. आमच्या घरात तोवर खोकल्याच्या औषधापलीकडं काही आलेलं नव्हतं. बाटली लाकडी पेटीत होती, तोंडावर लाल लाखेसारखं मेण ओतलेलं, लेबलवर हातानं शाईनं घातलेला आकडा, एकशे बारा. "लिमिटेड एडिशन आहे, बाबा," निखिल म्हणाला. "चार तास लाइनमध्ये उभा होतो. ही प्यायची नसते. ठेवायची. दर वर्षी व्हॅल्यू वाढते." त्यानं दिलेली किंमत ऐकून त्याची आई, सुधा, खाली बसली. आम्ही आजवर फक्त बाकरवडीसाठी रांगेत उभे राहिलो होतो. पण मुलगा कमावता होता. बाटली शोकेसमध्ये बसली आणि हळदीकुंकवाच्या दिवशी तिच्यापुढं निखिलचा पदवीचा फोटो यायचा.

निखिलनं हौसेनं ती काकांना दाखवली. "काका, तुम्ही एक्स्पर्ट. सांगा, वर्थ आहे का?"

साडूभाऊंनी पेटी पाहिली, मेण पाहिलं, आकडा पाहिला. "फोड."

"फोडायची नाहीये."

"मग मला कशाला विचारतोस? बंद पेटीचा भाव मी आयुष्यात सांगितलेला नाही."

तेव्हापासून प्रत्येक सणाला ते आले की चप्पल काढता काढता विचारायचे, "फोडली?" निखिल हसून नाही म्हणायचा. अशी दोन-तीन वर्षं गेली.

मग मंदी आली. एका शुक्रवारी निखिल दुपारी दोनलाच घरी आला. हातात एक खोका होता, त्यात त्याचा कप, आम्हा तिघांचा फोटो आणि एक छोटं रोप. त्याच्याबरोबर त्याच्या टीममधल्या अकरा जणांना काढलं होतं. वीस मिनिटांत सगळं उरकलं, म्हणाला. पहिले आठ दिवस तो अर्ज करत होता. नंतर ते थांबलं. तो उशिरा उठायला लागला, दाढी वाढली, कॉम्प्युटरवर धूळ बसली. आम्ही दोघं त्याच्याशी फार जपून बोलायचो आणि त्या जपण्याचाच त्याला राग यायचा. एकदा सुधानं नुसतं "जेवतोस का?" विचारलं, तर म्हणाला, "जेवण्याइतकं तरी काय केलंय मी आज?" ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी लावत राहिली.

त्याच सुमारास त्यानं बाटली विकायला काढली. बांधकामातला कुणी श्रीमंत गृहस्थ रविवारी येऊन बघणार होता. "निदान एक गोष्ट तरी मी बरोबर केली होती," निखिल मला म्हणाला. मी हे ताईंना फोनवर सांगितलं, आणि शुक्रवारी सकाळी नऊ वाजता साडूभाऊ आमच्या दारात उभे. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन पांढरे वाडगे, झाकण्या आणि त्यांचा चमचा.

निखिल नुकताच उठून बाहेरच्या खोलीत बसला होता. साडूभाऊ त्याच्यासमोर बसले.

"रविवारी जाणार म्हणे बाटली."

"हो काका. चांगली ऑफर आहे."

"काय विकतोयस?"

"म्हणजे? लिमिटेड एडिशन बर्बन, अमेरिकन व्हिस्की."

"ते वर लिहिलंय. आत काय आहे?"

निखिल वैतागला. "काका, तुम्हाला कळत नाहीये. ओपन केली की व्हॅल्यू झीरो. एवढी एकच गोष्ट उरलीय माझ्याकडे जिला कुणीतरी किंमत देतंय."

मला वाटलं, आता साडूभाऊ काहीतरी तिरकस बोलणार. पण ते पिशवीतली भांडी बाहेर मांडत, वाडग्यावरची झाकणी नीट करत म्हणाले, "पेढी बंद झाली तेव्हा मालक मला म्हणाला, चाखणाऱ्याला आता पगार कोण देणार? दोन वर्षं घरी बसलो. त्या दोन वर्षांत मी चहा नुसता प्यालो. ते मशिनचे तीन दिवस सोडले तर एकदासुद्धा चाखला नाही. कुणी विचारत नाही तर कशाला चाखायचा? भाईंनी बोलावलं तेव्हा पहिले पंधरा दिवस मला दार्जिलिंग आणि निलगिरीतला फरक कळेना. भाई चांगले, त्यांनी दाखवलं नाही. मी घरी येऊन रडलोय. तुझ्या मावशीला विचार."

मी त्यांना तीस वर्षं ओळखत होतो. हे मला माहीत नव्हतं.

"तू कॉम्प्युटर कधी उघडला होतास शेवटचा?"

निखिल खाली बघत म्हणाला, "महिना झाला. जास्तच."

साडूभाऊंनी बाटलीचा विषय पुन्हा काढला नाही. ते पिशवी आवरायला लागले होते. निखिल उठला, स्वयंपाकघरात गेला, सुरी घेऊन आला आणि शोकेसमधून बाटली काढून त्यानं ते लाल मेण कापलं. थोडं मेण सतरंजीवर पडलं, ते अजून तिथं आहे.

मग सगळं रीतसर झालं. साडूभाऊंनी वाडगा गरम पाण्यानं विसळला, पुसला, त्यात चार चमचे व्हिस्की घातली आणि झाकली. घड्याळ पाहिलं. वेळ झाल्यावर झाकणी उचलून तिच्या आतल्या बाजूचा वास घेतला. मग चमचा, आणि मग तो आवाज. आतून सुधा "अगं बाई!" म्हणाली. त्यांनी घोट घोळवला, स्टीलच्या पेल्यात टाकला आणि डोळे मिटून बसले.

"मका आहे," ते म्हणाले. "त्याची गोडी खाली बसलीय. वर लाकूड आहे, आणि ते आतून जाळलेलं आहे. कोळसा लागतो. मग केळं, साल काळी पडलेलं. थोडी दालचिनी. पण शेवटी तोंड कोरडं पडतं. चहा जास्त वेळ राहिला की पडतं तसं. लाकडातून काढायला उशीर केला."

पेटीच्या तळाशी एक इंग्रजी छापील कार्ड होतं. निखिल ते वाचत होता. मका बरोबर, जाळलेलं पिंप बरोबर. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की ही दारू नेहमीपेक्षा कितीतरी वर्षं जास्त पिंपात ठेवली, म्हणूनच ती दुर्मिळ आहे.

"दुर्मिळ असेल," साडूभाऊ म्हणाले. "तीन वर्षं आधी काढली असती तर उत्तम झाली असती. लोभ नडला."

"मग किंमत?" निखिलनं विचारलं.

"तू दिलीस त्याच्या एक तृतीयांश. बाकीचे दोन भाग आकड्याचे आणि रांगेचे." निखिलचा चेहरा उतरला, तसे ते म्हणाले, "पण तो एक भाग खरा आहे. भेसळ नाही, वरून रंग नाही. कुणीतरी मन लावून केलंय. असं फार वेळा तोंडात येत नाही."

एवढं बोलून त्यांनी दुसरा चमचा घेतला, आवाज न करता, आणि गिळला. मी म्हटलं, "साडूभाऊ, टाकायचा राहिला."

"राहिला नाही. हा चाखायचा नव्हता."

निखिलनं त्यांच्यासारखा ओढून पाहिला, त्याला जबर ठसका लागला, नाकातून पाणी आलं. साडूभाऊ म्हणाले, "घोट जिभेवर अडवायचा, श्वासाबरोबर आत नाही जाऊ द्यायचा." आम्ही तिघंही हसलो. सुधा बाहेर आली, सकाळचे साडेनऊ वाजलेले, घर दारूच्या वासानं भरलेलं. तिनं कमरेवर हात ठेवून आम्हाला पाहिलं, मग वाकून वाडग्याचा वास घेतला आणि म्हणाली, "चिक्कीचा गूळ जरा लागलाय."

"बघा," साडूभाऊ म्हणाले, "नाक या घरात होतं. तुम्ही तिला नुसतं फोडण्यांना लावलंत."

रविवारी ते गृहस्थ आले आणि उघडी बाटली पाहून दुखावले. निखिलनं त्यांना आत काय आहे ते सगळं सांगितलं, केळ्यासकट. "मला प्यायची नव्हती हो, ठेवायची होती," असं म्हणून ते गेले. सोमवारी निखिलनं कॉम्प्युटर पुसला. व्हिस्कीनं त्याला नोकरी मिळवून दिली असं मी म्हणणार नाही. नोकरी त्यानंतर चार महिन्यांनी लागली, लहान कंपनीत, आधीपेक्षा कमी पगारावर. पण त्या चार महिन्यांत तो दर मंगळवारी काकांना स्कूटरवर खडकीला सोडायचा आणि भाईंच्या गाळ्यात बसून त्यांच्या बिलांसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा. बाटली यथावकाश संपली. आता तिच्यात सुधानं मनीप्लांट लावलाय.

साडूभाऊ आता ऐंशीच्या पुढं आहेत. मागच्या पावसाळ्यात त्यांना मोठा ताप येऊन गेला. बाकी सगळं परत आलं, चव आली नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं. ताईंच्या घरात आता सकाळी आठला फोडणी पडते, आणि ती पडली की ताई एकदा त्यांच्याकडे बघतात. ते पेपर वाचत असतात.

परवा मी गेलो होतो. ताईंनी दोघांना चहा दिला. साडूभाऊंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि मला विचारलं, "कसा झालाय?"

मी गडबडलो. चहाबद्दल माझं मत या माणसानं कधी विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, "छान झालाय."

"नीट सांगा."

मग मी नीट चव घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच घेतली असेल. म्हटलं, "आधी आलं लागतं. मग जरासा तुरट. मग दूध. आणि सगळ्यात शेवटी, घशाशी, काहीतरी धुरासारखं."

त्यांनी डोळे मिटले होते. "धूर," ते म्हणाले. "हं. सावकाश सांगा. पुढं?"

मी आणखी एक घोट घेतला.