एक मऊ टायर

आमच्या गाडीचं मागचं टायर इतकं झिजलं होतं की त्यावरून हात फिरवला तर ओल्या साबणावरून फिरवल्यासारखं वाटायचं. आमच्या परंड्यात अशा टायरला ‘गोटा झाला’ म्हणतात. पुढच्याची दशाही फार वेगळी नव्हती, त्यावरच्या सरळ रेषा उन्हात तिरकं पाहिलं तरच दिसायच्या. अब्बांना यातलं काहीच मान्य नव्हतं.

“सूत दिसलं का?” ते विचारायचे.

“नाही.”

“मग टायर जिवंत आहे.”

रबर संपून आतले धागे बाहेर आले की टायर मेलं, तोपर्यंत ते जिवंत, असा त्यांचा नियम. घरी आम्ही दखनी बोलतो, इथं मी त्यांचं बोलणं मराठीत लिहिते आहे. पण ‘जिवंत’ हा शब्द त्यांचाच.

अब्बा बांगड्या विकतात. आठवड्याला तीन गावचे बाजार. गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, शंभर सीसीची. तिच्या मागं पत्र्याची पेटी बांधलेली, आणि पेटी आणि अब्बा यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मी. खरं तर विकतात म्हणणं पुरेसं नाही. बांगडी विकत कोणीही देईल, ती भरावी लागते. अब्बा बाईचा हात हातात घेतात, अंगठ्याचं मूळ दाबतात, बोटं मिटवून हात निमुळता करतात आणि मापानं लहान वाटणारी बांगडी न तडकता मनगटावर सरकवतात. बायका म्हणतात, “मामू, तुमच्या हातानं भरली की कळत बी न्हाय.” आमचं घर या दोन हातांवर चालतं. ही उपमा नाही.

म्हणून गेल्या श्रावणात गाडी स्टँडच्या कोपऱ्यावर ओल्या रस्त्यात मागून सरकली आणि अब्बांचा तळवा सोलून निघाला, तेव्हा मला भीती वाटली. जखम लहान होती. पण आठ दिवस त्यांना कोणाचा हात धरता येईना. त्या आठ दिवसांत बांगड्या मी भरल्या, म्हणजे जितक्या भरल्या जवळजवळ तितक्याच फोडल्या. एका आजीबाईंनी हात मागं घेतला. “पोरी, शिकायचं आसंल तर आईच्या हातावर शिक. माझा मोकळा कर.”

त्या दिवशी मी ठरवलं की टायर घ्यायचंच. शिकवणीचे थोडे पैसे माझ्याकडं साठले होते.

इथं माझ्या स्वभावाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढची चूक त्यातूनच झाली. बांगड्या गुंडाळायला अब्बा गावातल्या छापखान्यातून उरलेली पत्रकं किलोवर आणायचे. मी अक्षरओळख झाल्यापासून तीच वाचली. शिक्षकांच्या संपाची, पाण्याच्या मोर्चाची, हुंडाबंदीची, धरणग्रस्तांची. पत्रकात ‘कदाचित’ हा शब्द नसतो. त्यात ‘आता एकच मार्ग’ असं लिहिलेलं असतं, आणि खाली ठळक अक्षरात तो मार्ग असतो. मी तसाच विचार करायला शिकले, पुढं तशीच पत्रकं लिहायलाही लागले. मला तडजोड या शब्दाचाच राग होता.

बार्शी रोडवरच्या दुकानात शेठ टायरच्याच ढिगावर मांडी घालून बसले होते. मी चार दिवस मोबाईलवर वाचून गेले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही.

“बोला चाचा. टिकणारं पाहिजे का धरणारं?”

“दोन्ही,” मी म्हणाले.

“टिकणारं आन् धरून ऱ्हाणारं?” शेठ आता माझ्याकडं वळले. “ताई, तसा तर जावई बी मिळत न्हाय.”

अब्बा हसले. मी हसले नाही.

शेठनी तीन टायर खाली ओढले. पहिल्यावरची नक्षी चांगली खोल होती, किंमत तर इतकी कमी की मला संशय आला. मी विचारल्यावर त्यांनी सरळ सांगून टाकलं. “हे कोरलेलं हाय. गोटा झालेल्या टायरवर गरम पात्यानं नवी नक्षी पाडत्यात.”

“म्हणजे आधीच झिजलेलं रबर अजून पातळ करता? हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे.”

“सांगून इकतो ओ.”

“कुणाला सांगता?”

“आता तुमालाच सांगितलं की.”

दुसरं टायर नवं, कडक. शेठनी ते जमिनीवर आपटलं. “हे घाला आन् इसरून जावा. पोरीचं लगीन होऊन नातू खेळंल तवर टायर हाय.” मी त्यावर नख दाबलं. नखाची खूणसुद्धा उमटली नाही. तिसऱ्यावर नख रुतलं. रबर मऊ, खाचा खोल, ओल्या रस्त्याला धरणारं. मी वाकून बाजूला छापलेले चार आकडे शोधले, टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या साली बनलं ते त्यावरून कळतं. ते त्याच वर्षीचं होतं.

“काय बघायल्यात?”

“कधी बनलंय ते.”

“जन्मतारीख,” शेठ अब्बांना म्हणाले. “चाचा, पत्रिका बी जुळवून घ्या.”

अडचण एवढीच होती की त्या एका मऊ टायरच्या पैशात दोन कडक टायर येत होते, आणि माझ्याकडं तेवढेच पैसे होते. आमच्या गाडीला दोन्ही चाकांना एकच माप बसतं.

“दोन कडक घे,” अब्बा मला म्हणाले. “दोन्ही चाकं नवी होतील. दोन्हींवर थोडी थोडी तरी नक्षी येईल.”

“थोडी थोडी कशाला? पावसात ते कडक रबर गोट्याएवढंच सरकतं.”

हे मी कुठं तरी वाचलं होतं. कुठं, ते आज मला आठवत नाही. गोट्याएवढंच नसेल सरकत. पण तेव्हा मी ते अशा आवाजात म्हणाले की अब्बांनी कडक टायर बाजूला सारलं. मुलगी शिकलेली आहे, वाचून आली आहे, याचा त्यांना अभिमान होता. त्या अभिमानापोटी त्यांनी आपलं म्हणणं सोडलं.

मग प्रश्न आला की ते एक टायर बसवायचं कोणत्या चाकाला.

“पुढं,” मी म्हणाले. मागचं सरकलं तर गाडी कशीबशी सावरता येते, पुढचं सरकलं की माणूस खाली, हेही मी वाचलं होतं. आणि हे बरोबर होतं.

“पुढं?” शेठ म्हणाले. “पुढं काय आसतंय? हँडल आसतंय.”

“वजन मागं असतं,” अब्बा म्हणाले. “पेटी मागं. तू मागं. आणि त्या दिवशी सरकलं ते मागचंच ना?”

“रस्त्यावरची कुठली बी गाडी बगा ताई. नवं टायर मागं, जुनं पुढं. समदे येडे हायत का?”

मी दुकानाबाहेर पाहिलं. उभ्या असलेल्या पाचही गाड्यांची मागची टायरं नवी होती आणि पुढची गुळगुळीत. माझ्याकडं उत्तर होतं. पण सगळा हट्ट मी आधीच खर्च करून बसले होते. अब्बांनी एकदा माझं ऐकलं होतं, दुसऱ्यांदा त्याच दुकानात, त्याच शेठसमोर त्यांना खोटं पाडायला मी धजावले नाही. मी म्हणाले, “बसवा मागं. पुढचं दिवाळीनंतर बघू.”

एवढं वाक्य मी नंतर किती वेळा मनात खोडलं असेल.

पहिले पंधरा दिवस टायर छान चाललं. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, अब्बा रोज सकाळी ते किती उरले बघायचे. एकदा भुरभुर पाऊस असताना स्टँडच्या त्याच कोपऱ्यावर त्यांनी मुद्दाम मागचा ब्रेक दाबला. गाडी जागेवर उभी राहिली. “धरतंय,” ते म्हणाले. एकदाच म्हणाले, पण घरी पोचेपर्यंत त्यांची पाठ ताठ होती.

नवरात्र तोंडावर आलं होतं. येरमाळ्याला, तुळजापूरला जाणाऱ्या बायका आधी बांगड्या भरून घेतात, त्यामुळं पेटी गच्च होती. मंगळवारच्या बाजाराचा रस्ता तीन वर्षांपूर्वी नुसता खड्ड्यांचा होता. त्या रस्त्यासाठी मी पत्रक काढलं होतं, ‘आमचं डांबर कुणी खाल्लं?’ अशा मथळ्याचं. पत्रकामुळं झाला की आणखी कशामुळं, ठाऊक नाही, पण रस्ता झाला. काळाभोर, सपाट. मला आतून वाटायचं की यातलं हातभर डांबर माझं आहे.

आमच्याकडं उडीद निघाला की शेतकरी तो अशा रस्त्यावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या शेंगा मळून देतात, ऊन दाणा वाळवतं. अर्धा रस्ता उडदाचा, अर्धा गाड्यांचा, मधे हद्दीचे दगड. त्यात कुणालाच काही गैर वाटत नाही. खडबडीत रस्त्यावर हे जमत नाही, दाणे खड्ड्यात जातात. सपाट रस्ता लागतो.

ऊन होतं. रस्ता कोरडा होता. अब्बा सावकाश चालले होते. समोरून जीप आली, तिनं मोकळा अर्धा रस्ता सोडला नाही, म्हणून अब्बांनी गाडी उडदावर घातली. वरची भुसकटं दिसत होती. त्यांच्याखाली काळ्या डांबरावर काळे दाणे सुटे झाले होते, ते दिसत नव्हते. पुढचं चाक आडवं झालं. मागचं नवं टायर शेवटपर्यंत धरून होतं, हे मला अजून अंगात आठवतं. मी भुसकटात पडले. अब्बांनी पडताना उजवा हात टेकला.

पेटीचं झाकण उघडलं होतं. हिरव्या, लाल, पिवळ्या काचा उडदात पसरल्या होत्या.

कडुलिंबाखाली बसलेली एक बाई धावत आली. आधी तिनं अब्बांना बसवलं, पाणी दिलं. मग तिचं लक्ष खाली गेलं.

“आता ह्या काचा वं,” ती हलकेच म्हणाली. “खाणाऱ्याच्या पोटात जातील.”

माझ्या तोंडात पुरं पत्रक तयार होतं. रस्ता कुणाच्या बापाचा आहे, खळं करायला लाज वाटत नाही का, पोलिसांत देईन. अब्बा उजवं मनगट डाव्या हातानं धरून बसले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते म्हणाले, “ताई, चूक आमची झाली. माझी पोरगी वेचून देते.”

“तुमचा हात बगा आधी, मामू. एष्टी येईल आता, दवाखान्यात जावा.”

“एष्टी येईस्तोवर वेचते ती,” अब्बा म्हणाले.

मी वेचायला बसले. काय करणार होते? काळ्या उडदातून हिरवी काच पटकन दिसते, पिवळी दिसते, गडद निळी दिसतच नाही. बाईही माझ्यासोबत बसली. वेचलेल्या काचा ठेवायला तिनं पेटीजवळचा एक कागद उचलला. माझंच पत्रक होतं, उरलेला गठ्ठा बांगड्या गुंडाळायला निघाला होता.

“काय लिवलंय ह्यात?” तिनं विचारलं.

“हा रस्ता करा म्हणून लिहिलंय.”

“कुणी लिवलं?”

“मी.”

“बरं केलंस बाई,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. “रस्ता न्हवता तवर उडीद कुठं वाळवावा कळत नव्हतं.”

एष्टी आली तेव्हा अर्धंही वेचून झालं नव्हतं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टरमध्ये नवरात्र गेलं, दिवाळी गेली. प्लास्टर निघालं तरी मनगट पुरतं वळत नाही. डॉक्टर म्हणाले, वय आहे, एवढंच वळेल. बाईचा हात निमुळता करायला अंगठ्याच्या मुळाशी जो दाब लागतो, तो आता येत नाही. अब्बा मोठ्या मापाच्या आणि प्लॅस्टिकच्या बांगड्या नुसत्या पुढं करतात, बायका आपल्या आपण घालून घेतात. मी शिकते आहे. फुटतात.

मी अनेकांना विचारलं. दोन कडक टायर घेतले असते तर? मऊ टायर पुढं असतं तर? प्रत्येकानं सांगितलं की सुट्या उडदावर जगातलं कुठलंच टायर धरत नाही. ते खरं असेल. मला मात्र ते माझी समजूत घालताहेत असंच वाटत राहतं.

ॲक्सिलरेटर उजव्या मुठीनं पिळावा लागतो. ते जमत नाही म्हटल्यावर गाडी विकायला काढली. मी चालवायला शिकते म्हणाले, तर अब्बा कधी नव्हे ते ओरडले. मागच्या आठवड्यात जळकोटकडचे एक पाहुणे गाडी बघायला आले. त्यांनी इंजिन ऐकलं, सीट दाबली, मग खाली बसून मागच्या टायरवर नख दाबलं.

“हे नवंच हाय की. केस बी हायत अजून.” मग ते पुढं सरकले. “आन् पुढचं का न्हाय बदललं?”

मी तोंड उघडलं. ओट्यावर अब्बा बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवून.

“वजन मागं असतंय,” अब्बा म्हणाले.

पाहुण्यांनी मान हलवली. “व्हय,” ते म्हणाले, “ते बी खरंच हाय.”