अक्का सोड्याच्या कारखान्यात होती

माझी थोरली बहीण, आमची अक्का, चोविसाव्या वर्षी विधवा होऊन कामशेतला माहेरी परतली आणि लोणावळ्याच्या बाजारातल्या सोड्याच्या कारखान्यात कामाला लागली. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढं गॅस भरायचं यंत्र, मागं साखरेच्या पाकाची पिंपं. अक्का बाटल्या धुवायची आणि त्यांत रंगीत पाक ओतायची.

मालक भला माणूस. इथं बसून हवं तेवढं प्या, फक्त घरी न्यायचं नाही, असं त्यानं बायकांना सांगून ठेवलं होतं. सकाळच्या गाडीनं नेलेली भाकरी पुष्कळदा तशीच परत यायची. आई रागावली की अक्का म्हणायची, "सोड्यानंच प्वाट भरतं." दिवसाला सहा-सात बाटल्या सहज व्हायच्या. मी तेव्हा शाळेत होते. मला तिचा हेवा वाटायचा.

ती अंगानं भरत गेली, पुढं फारच स्थूल झाली. आईला त्याचंही समाधान होतं. नवरा गेल्यावर पोरगी सुकली नाही, असं ती चारचौघींत सांगायची.

अशी चोवीस-पंचवीस वर्षं गेली. माझं लग्न होऊन मी तळेगावात होते. एकदा अक्का चार दिवस राहायला आली आणि मोरीत तिनं धुवायला घेतलेले कपडे मला दिसले. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी रक्त जात होतं. कधीपासून, म्हणून मी विचारलं.

"वरीस झालं आसंल."

"मग बोलली का नाहीस?"

"कुनाला सांगायचं? आई न्हाई. तू तुज्या संसारात."

मी तिला पुण्याला नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. गर्भपिशवीचा कॅन्सर होता, पोटभर पसरलेला. घरी न्या, म्हणाले.

परतीच्या गाडीत अक्कानं विचारलं, काय म्हनला डाक्टर? औषध दिलंय, बरं वाटेल, असं मी सांगितलं.

"मग रडतीस कशाला?" ती म्हणाली आणि खिडकीकडं तोंड करून बसली.

आता सांगतात, रोजच्या गोड पेयांनी वजन वाढतं आणि वाढलेल्या वजनाचा या कॅन्सरशी संबंध आहे. तेव्हा आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. अक्काला त्यानंच झालं का, हे मी एका डॉक्टरीणबाईंना विचारलं. एकेका माणसाचं असं नाही सांगता येत, म्हणाल्या. त्या नाही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. हो म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं.

अक्का आणखी चार महिने जगली. शेवटी तिला कूस बदलायलाही शेजारच्या दोघीजणी लागायच्या. माझी मुलं लहान होती, म्हणून मी आठवड्यातून एकदाच कामशेतला जायचे. ती गेली त्या दिवशी मी तळेगावातच होते.