जावळाचे सव्वीस दिवस

चार जानेवारी, रविवार. रक्कम चौऱ्याहत्तर हजार रुपये. हजर: माझी आई, बायको, थोरली बहीण आणि मी. बायकोच्या मांडीवर साडेसहा महिन्यांचा मुलगा. साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये मस्कतचा मेहुणा, आणि त्याच्या मागे खुर्चीत सासरे.

चौऱ्याहत्तर हजार कसे होतात ते मी वहीतून वाचून दाखवलं. दोघांची जायची-यायची तिकिटं. मुलाचं तिकीट मोठ्याच्या तिकिटाचा दहावा हिस्सा, पण त्याला खुर्ची नाही, तो मांडीवर. तिघांचे व्हिसा. राजुरीहून मुंबई विमानतळापर्यंत गाडी. तिकडे लागतील म्हणून थोडे रियाल. विमान अठरा जानेवारीचं. मी दूध संस्थेत हिशेब लिहितो, त्यामुळे बेरीज दोनदा तपासलेली होती. बेरजेबाहेर काही राहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मुलगा लग्नानंतर तेरा वर्षांनी झाला. सासरे आंबेगाव तालुक्यातले, घोडेगावच्या बाजूचे. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन मस्कतला मुलाकडे राहायला गेले. मेहुणा तिकडे एसी दुरुस्तीच्या कंपनीत आहे. सासऱ्यांना साखरेचा जुना आजार. उजव्या डोळ्याला आधीच नुसता उजेड-अंधार कळायचा, आता डाव्यातही रक्त उतरलं होतं. जानेवारी संपायच्या आत ऑपरेशन करा, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं. हृदयाच्या दुखण्यामुळे विमानप्रवास बंद, म्हणजे ते इकडे येऊ शकत नव्हते. आणि ऑपरेशनला ते तयार नव्हते.

"आदी पोराला बघतो, मग टेबलावर झोपतो," ते फोनमधून म्हणाले. "डोळा काय, वाचला तर वाचला. पन बिघडला तर नातवाचं तोंड बघायचं ऱ्हाऊन जाईल. मग काय हातानं चाचपू व्हय?"

म्हणजे आम्ही जितके लवकर पोचू तितकं लवकर ऑपरेशन. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात आई म्हणाली, "जावळाचं काय?"

"आल्यावर काढू."

"पोटातलं केस घेऊन समुद्र वलांडायचा? आपल्या घरात जावळ काढल्याबिगर मूल वेशीबाहेर मुक्कामाला नेत न्हाईत."

पासपोर्टसाठी त्याला पुण्याला नेलं होतं, पण संध्याकाळी परत आणला होता, म्हणून ते चाललं. तेव्हाही एक फेरी फुकट गेलीच होती, कारण बहिणीनं फोटोआधी त्याच्या गालावर काजळाची मोठी तीट लावली आणि खिडकीवरच्या माणसानं तो फोटो परत केला.

"बरं, मग उद्याच काढू," मी म्हणालो.

"मामाच्या मांडीवर बसवून काढत्यात. मामा कुठाय?"

सगळ्यांनी फोनकडे पाहिलं. मेहुणा हसत म्हणाला, "मी हाय की इथं, दाजी. घेऊन या. माझी मांडी काय पळून चालली न्हाई."

"मामाबिगर जावळ न्हाई, आन् जावळाबिगर जायचं न्हाई," आई म्हणाली.

"अगं, पण मामा तिकडं आणि पोरगं इकडं. हे गणित सुटायचं कसं?"

"गणित तुजं. मी रीत सांगितली."

मेहुण्याला उन्हाळ्यापर्यंत रजा नव्हती. बहिणीनं तोड काढली: बायकोच्या भावकीतला चुलत मामा चालतो. घोडेगावच्या चुलत मेहुण्याला फोन केला. तो आनंदानं हो म्हणाला. रविवार, अकरा जानेवारी ठरला. मुलाचा सातवा महिना एकोणीस तारखेपर्यंत होता आणि जावळ विषम महिन्यात काढतात, म्हणजे तेही बसत होतं. न्हाव्याला सांगितलं, पेढे सांगितले.

नऊ तारखेला चुलत मेहुण्याचा फोन आला. भावकीतली एक म्हातारी चुलती गेली. तेरा दिवस सुतक.

तेरा दिवस म्हणजे एकवीस जानेवारी. तोवर आठवा महिना लागलेला. आठवा सम. नववा लागणार वीस फेब्रुवारीला. हे सगळं आईनं बोटांवर मोजून मला सांगितलं. माझ्या वहीपेक्षा ती पटापट मोजत होती. सुतक खरं तर मस्कतच्या मेहुण्यालाही होतं, पण त्या दिवशी तो एका इमारतीच्या गच्चीवर एसी उघडून बसला होता.

मी तिकिटं बावीस फेब्रुवारीची करून घेतली. बदलण्याचे नऊ हजार सहाशे.

आज वाटतं, त्या दिवशी मी नुसतं "नाही" म्हणायला हवं होतं. एक शब्द. बायको तेव्हा बोलली नाही, आणि ती बोलत नाही याचा मी सोयीचा अर्थ काढला. लोकांना मी सांगायचो की आईचं मन मोडवत नाही, तिनं या मुलासाठी तेरा वर्षं उपास केलेत. ते खरंच होतं. पण पुरतं खरं नव्हतं. मलाच भीती होती. तेरा वर्षांनी झालेलं मूल, रीत मोडून नेलं आणि साधा ताप जरी आला, तरी मी स्वतःला काय सांगणार होतो? दुधाचं फॅट मोजणारा माणूस मी, आणि केसांना भ्यालो.

सात फेब्रुवारीला सासूबाईंचा फोन आला. सासऱ्यांना डाव्या डोळ्यापुढे वरून काळं उतरल्यासारखं दिसत होतं. मेहुणा विनवून थकला होता. म्हाताऱ्याचं एकच: पोरगं येऊ द्या.

बायकोनं फोन ठेवला आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"अवो, तुमच्या संस्थेत फॅट एक पॉइंट कमी लागलं तर तुमी गवळ्याशी तासभर भांडता. हितं माझ्या बापाचा डोळा चाललाय आन् तुमी गप."

"आईला..."

"आत्याबाईंना मी सांगते. तुमी तिकीट काढा."

तिनं सांगितलं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "न्या. माजं कोन ऐकतंय. पन मी वेशीपातुर येनार न्हाई." पुन्हा बदल, तेरा फेब्रुवारीचं विमान, अकरा हजार दोनशे. एकूण चौऱ्याण्णव हजार आठशे. आई खरंच आली नाही. पण गाडीत बसलो तेव्हा मुलाच्या गालावर तीट होती, आणि ती आम्ही दोघांनी लावलेली नव्हती.

विमानतळावर एकानं दुधाची बाटली उघडायला लावली, दुसऱ्यानं पावडरीचा डबा. बाबागाडी घडी घालून द्या म्हणाले. ती दोन दिवसांपूर्वी जुन्नरच्या बाजारातून घेतलेली. घडी घालायला मला जमेना आणि मागे रांग. "काका, खटका खाली हाय, खाली," मागचा तरुण म्हणाला. खटका खालीही नव्हता. शेवटी बायकोनं एका लाथेत ती मिटवली.

विमान दोन तास चाळीस मिनिटांचं. त्यातले दोन तास दहा मिनिटं मुलगा रडला. पुढच्या सीटवरचा गृहस्थ तीनदा वळून पाहून म्हणाला, "बच्चे को कुछ खिलाओ, भाई." आम्ही सगळं खाऊ घालून बसलो होतो. बायको त्याला घेऊन दोन रांगांमधल्या वाटेत फिरत होती, मी हातात ओला लंगोट धरून तो कुठे टाकायचा ते विचारत होतो. मनात मात्र एकच हिशेब: अठरा जानेवारी ते तेरा फेब्रुवारी, सव्वीस दिवस.

दुपारी मस्कतला पोचलो. सासरे दारात उभे होते. चष्मा काढलेला. चेहरा आमच्याकडे, पण नजर जरा बाजूला.

"आन हिकडं."

मी मुलाला त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी मान मागे टाकली, मग तिरकी केली. "खाली घे जरा. आजून. वरचं काय दिसत न्हाई मला. हां... कान दिसला. कान तर आमच्याकडचा हाय." मी मुलाला इंच-इंच सरकवत होतो. "आता हनुवटी. ही तुमच्याकडची, पावणं, ही काय आमची न्हाई." सासूबाई हसल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. मुलानं त्यांच्या मिशीला हात घातला. पूर्ण तोंड एकदम त्यांना दिसलंच नाही. तुकड्या-तुकड्यानं पाहून त्यांनी ते मनात जोडलं असावं. बराच वेळ बघून झाल्यावर म्हणाले, "झालं. आता घाला मला टेबलावर."

सतरा तारखेला ऑपरेशन झालं. डॉक्टर मल्याळी, सभ्य माणूस. पुढचे पंधरा दिवस पेशंटनं पालथं झोपायचं, मान खाली ठेवूनच जेवायचं, असं त्यांनी बजावलं. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टरसाहेब, छब्बीस दिन पहले आते तो?"

"अच्छा होता."

"कितना अच्छा?"

"ऐसा हिसाब नहीं होता," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. मी तिथेच उभा राहिलो. आकडा सांगितला असता तर, कितीही वाईट असता तरी, मला चालला असता.

बावीस तारखेला, नववा महिना लागल्यावर, जावळ काढलं. मेहुणा पलंगाशेजारी खाली मांडी घालून बसला, मुलगा त्याच्या मांडीवर. पालथ्या पडलेल्या आजोबांना पलंगाच्या कडेवरून खाली तोंड काढून निदान ऐकता यावं म्हणून. सासूबाईंनी ताटात केस झेलायचं ठरवलं, तर राजुरीहून आईचा व्हिडिओ कॉल.

"ताट कशाला? आत्याच्या पदरात झेलत्यात."

"आई, आत्या तुझ्याशेजारी बसलीय, राजुरीत."

"मग धरंल की ती पदर."

आणि माझ्या बहिणीनं खरोखर, राजुरीतल्या आमच्या घरात, फोनसमोर पदर पसरला. इकडे बट पडली की मेहुणा ओरडायचा, "आक्का, झेला!" आणि तिकडे ती पदर हलवायची. मुलगा बोंबलत होता. पलंगावरून सासऱ्यांचा दबलेला आवाज, "आरं हळू, कान सांभाळा त्यो. आमचा हाय." आईच्या चेहऱ्यावर पूर्ण समाधान होतं. सगळी रीत झाली होती, मामाची मांडी, विषम महिना, आत्याचा पदर.

मी मात्र हसू शकलो नाही. पदर फोनवर चालतो, तर मामाची मांडीही फोनवर चालली असती, मग अठरा जानेवारीला काय अडलं होतं? मी हे विचारलं. आई म्हणाली, "तवा तू इचारलं न्हाईस."

सहा मार्चला शेवटची तपासणी. आम्ही आठला परतणार होतो. डॉक्टरांनी तीन फुटांवर बोटं धरली. सासऱ्यांनी दोनदा बरोबर सांगितली, एकदा चूक. सहा फुटांवर काहीच नाही. इतकं राहील, डॉक्टर म्हणाले. माणूस ओळखू येईल, पण जवळ यावं लागेल.

ऑपरेशनचा खर्च आठशे वीस रियाल झाला. सहाशे ऐंशी मेहुण्यानं आधीच भरले होते. उरलेले एकशे चाळीस तो महिन्याअखेर देणार होता. तो औषधं आणायला गेला असताना मी ते रुग्णालयाच्या खिडकीवर भरले आणि पावती सासऱ्यांच्या नावानं घेतली. वहीत त्या आकड्यापुढे लिहिलं: सव्वीस दिवस.