तुळसाची उलाळ गाडी

हे काम बायकांना जमायचं नाही, असं तुळसाच्या कानावर पडलं की ते काम झालंच म्हणून समजायचं. खेडच्या पलीकडे, जगबुडी नदीच्या अंगाला तिची वाडी. नवरा महिपत मुंबईत फर्निचरच्या कामावर. तो गणपतीला आणि शिमग्याला येतो, चार दिवस राहतो आणि जाताना दाराची एखादी कुरकुरणारी बिजागरी नीट करून जातो. बाकी घर, कातळावरची आंब्याची कलमं आणि पॉवर टिलर, सगळा कारभार तुळसाचा. टिलर घेऊन ती निघाली की वाटेतली माणसं आपणहून बाजूला होतात. बाईला थांबायला आवडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

कातळावर कलम लावायचं म्हणजे आधी खड्डा फोडायचा आणि मग खालच्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठची माती वर आणून तो भरायचा, कारण कातळाला स्वतःची माती नसते. वाडीत आजवर ही माती वर गेली ती बायकांच्या डोक्यावरून. कापडाची चुंबळ वळायची, ती डोक्यावर ठेवायची, तिच्यावर भरलेलं घमेलं, आणि चढ चढायचा. तुळसाची धाकटी जाऊ सावित्री ह्या कामात सगळ्यांत चिवट. पण गेल्या वर्षी माती वाहता वाहता तिची मान धरली आणि उजवा हात बधिर झाला. चिपळूणच्या डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा डोक्यावर ओझं घेतलंत तर हात कायमचा जाईल. सावित्रीने तिथे हो म्हटलं आणि घरी येऊन जावेला म्हणाली, "पण अक्का, अर्धे खड्डे तसेच हायत. मी नाय भरले तर कोण भरील?"

तुळसाला ते फार लागलं. बचत गटाच्या बैठकीत, सगळ्यांचं चहापाणी चाललेलं असताना, तिने मध्येच सांगून टाकलं, "ह्या साली माती कुणाच्या डोक्यावरनं जायची नाय. ट्रॉलीतनं जाईल, आणि ट्रॉली खड्ड्याच्या तोंडाशी आपली आपण वाकडी होऊन माती ओतील."

"आणि अशी ट्रॉली करणार कोण गो?" कुणीतरी विचारलं.

"मी. गाडीवाल्याची पोर हाय मी."

ते खोटं नव्हतं. तुळसाचा बाप बैलगाड्या करायचा. त्याच्या हातची गाडी चढाला आपणहून हलकी होते असं लोक म्हणायचे. आस कुठे बसवायचा हे तो डोळ्यांनी ठरवायचा आणि तुळसा फळीचं दुसरं टोक धरून बघत राहायची. बापाच्या गाडीचा तोल हा तिच्या अभिमानाचा विषय होता, आणि अभिमानाच्या बाबतीत तुळसा कधी हात आखडता घेत नाही.

टिलरला जोडायची घरची जुनी ट्रॉली होतीच. चिपळूणच्या भंगारातून तिने एका मोडीत निघालेल्या छोट्या टिपरचा जॅक आणला, तेलाची टाकी आणली, हाताने मारायचा पंप आणला. भंगारवाल्याने "ताई, हे घेऊन करणार काय?" विचारलं, तर म्हणाली, "लोणचं घालणार." हे सगळं तिने खेडला गौरवच्या वेल्डिंगच्या दुकानात नेऊन टाकलं. ट्रॉलीचा हौदा खालच्या सांगाड्यापासून सुटा करायचा, बिजागऱ्यांवर बसवायचा आणि जॅकने उचलायचा, इथपर्यंत दोघांचं जमलं. बिजागऱ्या कुठे लावायच्या ह्यावर वाजलं.

"काकी, सगळे अगदी मागे लावतात," गौरव म्हणाला.

"सगळ्यांच्या गाडीला इंजिनाचा पंप असतो. माझ्या गाडीला माझे हात हायत. मधोमध लाव, आसाच्या डोक्यावर. पुढचं आणि मागचं वजन सारखं झालं की पोरगंसुद्धा उचलील."

गौरवने एकदा बघितलं आणि लावल्या मधोमध. तुळसाशी वाद घालून दुकान चालवता येत नाही.

पहिल्या खेपेला सगळी वाडी कातळावर जमली. खाली पऱ्याकाठी दरडीखाली ट्रॉली उभी करून वरून कुदळीने माती ओढली होती, म्हणजे भरतानाही कुणाच्या डोक्यावर घमेलं चढलं नव्हतं. तुळसाने ट्रॉली मागे घेत खड्ड्याच्या तोंडाशी आणली आणि पंप मारायला लागली. हौदा असा काही लोण्यासारखा उचलला गेला की तिला पदर खोचायचंही निमित्त मिळालं नाही. माती धबकन खड्ड्यात. बायकांनी टाळ्या पिटल्या. तुळसाने ऐटीत जॅकमधलं तेल परत टाकीत जाऊ देणारी चावी सोडली आणि हौदा खाली यायची वाट बघत उभी राहिली.

हौदा आलाच नाही. जॅक नुसता ढकलतो, ओढून खाली आणत नाही. खाली यायचं ते हौद्याने स्वतःच्या वजनाने. आणि तिरपा झाल्यावर त्याचं सगळं वजन मागे कलंडलं होतं. तो आपला आभाळाकडे तोंड करून ढिम्म बसला. शेवटी पाचसहा बायका हौद्याच्या वर गेलेल्या कडेला लोंबकळल्या, तेव्हा तो एकदम खाली आला आणि बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. "तुळसानं जत्रेतला पाळणा केलान गो!" कुणीतरी ओरडलं. फोनवर महिपत हे सगळं मुंबईतून बघत होता. तो हसला नाही. "राहू दे आता, भंगारात घालून टाक," एवढंच म्हणाला. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

संध्याकाळी सावित्री पडवीत बसून डाव्या हाताने नवी चुंबळ वळत होती. तिचं फडकं पुन्हा पुन्हा सुटत होतं.

"अक्का, तू केलंस तेवढं पुष्कळ झालं. पाऊस तोंडावर आलाय. उद्यापासून मी थोडी थोडी माती नेईन."

तुळसा उठली. ती अंगणात ट्रॉलीपाशी जाऊन उभी राहिली. हौद्याची मागची कड तिने तळहाताने दाबली. पुढची बाजू लगेच वर आली. आणि बापाचा शब्द तिला इतका स्पष्ट आठवला की लाज वाटली. उलाळ. मागे जड झालेल्या गाडीला बाप उलाळ म्हणायचा, आणि उलाळ गाडी त्याने कधी दारातून बाहेर जाऊ दिली नाही. तोल साधायचा खरा, पण जरासं वजन नेहमी पुढे राखायचं, जू बैलाच्या मानेवर टेकेल एवढं. नाहीतर चढाला गाडी मागे बसते आणि बैलांना गळफास लागतो. बापाचा तोल तिने गावभर मिरवला होता आणि त्यातलं ते जरासं पुढचं वजन नेमकं विसरली होती.

सकाळी ट्रॉली गौरवच्या दारात.

"बिजागऱ्या हातभर मागे घे. अगदी टोकाला नको, मग माझ्या हाताला उचलायची नाय. आणि पंपाच्या दांड्याला लांब पाईप जोड."

"काकी, मी तेव्हाच म्हटलं होतं..."

"म्हटलं होतंस. खरं होतं तुझं. आता बोलू नको, वेल्डिंग कर."

एवढी कबुली तुळसाकडून महिपतलाही लग्नापासून मिळालेली नाही. गौरवने ती मुकाट्याने पदरात पाडून घेतली.

ह्या खेपेला बायका कमी आल्या आणि आल्या त्या गप्प होत्या. सावित्री चुंबळ काखेत धरून कडेला उभी. घमेलंही तिने बरोबर आणलं होतं. तुळसाने ते बघितलं, ट्रॉली खड्ड्याला लावली आणि खाली उतरून पंपाचा लांब दांडा सावित्रीपुढे केला.

"तू मार."

"मी? माझा हात..."

"डावा हाय ना? मार."

सावित्रीने भीतभीत दांडा दाबला. मग पुन्हा. आता हौदा लोण्यासारखा उठत नव्हता. जॅक कण्हत होता, पण एकेका दाबाला हौदा बोटभर वर चढत होता. मागची फळी सुटली, माती हलली, सरकली आणि सगळीच्या सगळी खड्ड्यात गेली. टाळी कुणीच वाजवली नाही. सगळ्यांचे डोळे रिकाम्या हौद्यावर. तुळसाने चावी सोडली. क्षणभर काहीच झालं नाही. मग हौदा हलला, आणि म्हातारं माणूस खाटेवर टेकतं तसा सावकाश खाली येऊन सांगाड्यावर बसला.

मग जो गलका झाला तो पार खालच्या वाडीत ऐकू गेला. सावित्री दांडा सोडायला तयार नव्हती. आपल्या डाव्या हाताकडे बघत ती म्हणाली, "अक्का, ट्रॉलीभर माती उचलली गो मी!" "माझ्या बापानं बघायला हवं होतं," तुळसा सगळ्यांदेखत म्हणाली आणि तोंडावर पदर धरला.

उन्हात टिलरची लोखंडी बैठक तव्यासारखी तापली होती. तुळसाने सावित्रीच्या काखेतली चुंबळ ओढून घेतली, बैठकीवर पसरली आणि तिच्यावर ऐसपैस बसली.

"चल, दुसरी खेप," ती म्हणाली. "ही आता हितंच राहील."