माशीचा गळ

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, माझ्या भावाला नाही. तुम्ही दोघांनी विचारलंत म्हणून लिहायला बसले — नाहीतर लिहिलं असतं का? माहीत नाही.

तुमचा प्रश्न साधा होता. बाबाला पन्नाशीला फ्लाय फिशिंगची काठी द्यायची आहे, फायबरग्लासची घ्यावी की कार्बनची? "आजी, तुझ्या कपाटामागे तशी एक आहे ना, तूच निवडलेली?"

हो, मीच. तर आधी उत्तर देते. फायबरग्लासचीच घ्या. ती सावकाश वाकते, नवख्या हाताची चूक सोसते. लांबी साडेआठ फूट पुरे. मूठ बुचाची असावी आणि काठी दोन तुकड्यांची, म्हणजे नेआण करायला सोपी. हे सगळं मला अजून पाठ आहे. दोन दुपारी डिक्शनरी शेजारी घेऊन मी ती काठी निवडली होती. इतक्या मन लावून मी लग्नाची साडीसुद्धा निवडली नव्हती.

आता क्रमानं सांगते. मला क्रम लागतो, तुम्हाला ठाऊक आहे. क्रमाच्या आड लपताही येतं — हे मात्र ठाऊक नसेल.

आमच्या गावाला तलाव होता. धोंडीराम भोई आणि त्याची बायको कौसा त्यावर जगायचे. मासे सिरसाळ्याच्या बाजारात विकायचे. माझा धाकटा भाऊ — तुमचे वसंतआजोबा — कॉलेजात असताना सुटीला माझ्याकडे आला, तलावात उतरला आणि गाळात रुतला. धोंडीरामानं अंगावर जाळं फेकून त्याला ओढून काढलं. त्यात जाळं फाटलं. सुती होतं, आधीच कुजत आलेलं. त्याबद्दल तो कधी एक शब्द बोलला नाही.

पुढे वसंत स्कॉटलंडला नोकरीला लागला. त्यानं मला लिहिलं, धोंडीरामाला काय हवं ते विचार, मुंबईला येणाऱ्या मित्राबरोबर पाठवतो. सोबत मासेमारीच्या सामानाचं एक कॅटलॉग होतं. शेवटच्या पानावर जाळी होती.

मी धोंडीरामाला बोलावलं. तो पायरीखालीच उभा राहिला. विचार करायला त्याला वेळ लागला नाही.

"नायलॉनचं जाळं, वैनी. दुसरं काय न्हाई. जलमभर पुरंल."

एवढंच. एक जाळं.

पण त्याच वर्षी गावात मच्छीमारांची सोसायटी निघाली होती. सभासद सगळे भोई, चेअरमन तुमचे आजोबा. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, जन्मात मासा शिवलेला नाही. सोसायटीचं एकच मोठं जाळं, ते आमच्या कोठीत कुलपात असायचं. मागायला आमच्या दारी यावं लागे. सभेत धोंडीराम उभा राहून म्हणाला, "नाव आमचं, जाळं तुमचं. मंग मासा कोनाचा?" सगळे हसले. आजोबा हसले नाहीत.

घरी ते मला काही बोलले नाहीत. हे नीट वाचा. त्यांनी मला काही सांगितलं नाही, सुचवलं नाही. ज्याच्या घरी स्वतःचं जाळं, तो आमच्या पायरीखाली कशाला उभा राहील? हे मला माझंच कळलं.

मी कॅटलॉगचं शेवटचं पान मिटलं आणि पुढची पानं उघडली.

वसंतला कळवलं की धोंडीरामाला उत्तम काठी हवी आहे. वेताची नको, इथल्या उन्हात तडकेल, फायबरग्लासचीच पाठव. सगळ्यांत चांगली निवडली. का? हलकी चालली नसती का? वस्तू चांगली असली की खोटं कमी होतं, असं वाटलं असावं.

काठी आली. मधाच्या रंगाची. डबीत पिसांच्या बारीक माश्या, आत गळ लपवलेले. मी धोंडीरामाला समजावलं, ही माशी पाण्यावर टाकायची, मासा तिला धरतो.

कौसा तोंडाला पदर लावून हसली. "माशीनं मासा धरायचा? मंग मुंगीनं म्हैस बांधा की!"

"गप गं. सायबानं येवढ्या लांबून धाडलंय," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "वैनी, तुमी जाळंच लिव्हलतं ना?"

"हो," मी म्हणाले. "साहेबांना हेच बरं वाटलं."

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. तलाव आटत आटत मध्ये एक डबकं उरलं आणि सगळा मासा त्यात गोळा झाला. घरचं जाळं असतं तर त्या दोघांचा उन्हाळा निघाला असता. सोसायटीचं जाळं निघे, पण धोंडीरामाची पाळी येत नसे. किल्ली आमच्या फडताळात, माझ्या हाताशी होती.

तो काठी घेऊन चिखलात उभा राहायचा. मला माडीवरून दिसे. दोरी हवेत मागे जायची, पुढे यायची, पाण्यावर सरळ निजायची. किती सफाईनं शिकला होता! पण गढूळ पाण्यात माशाला माशी दिसते का? शेवटी डबकंही आटलं, मासे चिखलात मेले, गावभर वास सुटला. मी खिडक्या लावून घेतल्या.

ती दोघं परळीकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला निघाली. तिथे निदान खायला सरकारी सुकडी मिळे. जाण्याआधी तो काठी धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला.

"सायबाची चीज हाय, आमच्याकडं मोडंल. तुमी ठिवा. अन् सायबाला चिठ्ठी लिव्हा. काठी लई चांगली हाय म्हनावं." मग थांबून म्हणाला, "पुढच्या बारीला जाळं धाडा म्हनावं. येवढंच लिव्हा, वैनी. पाया पडतो."

आपल्या भाषेत विनवण्यालाही गळ घालणंच म्हणतात. त्या माणसानं मला आयुष्यात एकदाच गळ घातली. मी त्याच्यासमोर इंग्रजीत लिहिलं. तो माझ्या पेनाकडे टक लावून बघत होता. मग त्यानं अंगठा उठवला.

पुढे पाऊस झाला, तलाव भरला. ती दोघं परत आली नाहीत. कुठे गेली, मी चौकशी केली नाही. वसंत तिकडे मित्रांना कौतुकानं सांगायचा, माझ्या बहिणीच्या गावचा एक भोई झकास फ्लाय टाकतो. तो गेला तोवर त्याची तीच समजूत होती.

त्याच्या कागदांबरोबर माझी पत्रं मला परत मिळाली. त्यात ते पत्र होतं. अक्षर सरळ, एकही खाडाखोड नाही. धोंडीराम काठीवर खूष आहे, त्याला आणखी काही नको — आणि त्याखाली त्याचा अंगठा.